एकाच तोंडात दोन सुळे, आणि लेसर फक्त एकालाच

मागच्या रविवारी लकडगंजला मामांकडे गेले होते. मामांची आरा मशीन आहे, घर तिथून हाकेच्या अंतरावर. चहा यायच्या आधीच मामेबहिणीने मोबाईलवरचा एक्स-रे समोर धरला. "तू लेसरवरच पीएचडी करतेस नं, मग हे सांग."

तिची मुलगी तेरा वर्षांची. वरचे दोन्ही सुळे अजून आलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, उजवा लेसरने मोकळा करू, डाव्याला मात्र हिरडी उघडून टाके घालावे लागतील. मामांना तिथेच शंका आली. "एकाच पोरीच्या तोंडात एकीकडे लेसर अन् दुसरीकडे टाके, असं कसं वं? दोन्हीकडे लेसर मारा म्हणा नं!"

माझं काम प्रकाश आणि शरीरातल्या ऊती यांच्यावर आहे, दातांची डॉक्टर मी नाही. पण मामांचा प्रश्न निघाला भौतिकशास्त्राचाच.

आधी सुळ्याबद्दल. वरचा सुळा जबड्यात फार उंच, नाकाच्या बाजूला तयार होतो. तिथून हिरडीबाहेर यायला त्याला साधारण २२ मिलिमीटरचा प्रवास करावा लागतो, दुसऱ्या कुठल्याही दातापेक्षा लांब. बरं, तो पोचतो ११-१२व्या वर्षी, तोवर आजूबाजूचे बहुतेक दात आपापल्या जागी बसलेले असतात. सगळ्यात शेवटी बसमध्ये चढणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं होतं. शंभरात एक ते तीन जणांचा वरचा सुळा असा अडकतो, मुलींमध्ये जास्त. अक्कलदाढ सोडली तर अडकण्यात त्याचाच नंबर.

दात दिसत नाही, हसताना फट दिसते, ही छोटी अडचण. मोठी अडचण अशी की आडवा गेलेला सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला टेकतो आणि ते मूळ हळूहळू झिजायला लागतं. दुखत काहीच नाही. हलायला लागेपर्यंत दात वरून ठणठणीत दिसतो. भाचीचा डावा सुळा नेमका तसाच टेकलेला आहे. घरात मात्र "दहावी होऊ दे, मग पाहू" असं चाललं होतं.

आता लेसर. दवाखान्यात बहुतेक ठिकाणी असतो तो डायोड लेसर, ८१० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन आणि हिरडीतलं मेलॅनिन चांगला शोषून घेतात. पाणी आणि दाताचं कठीण खनिज जवळपास शोषत नाहीत. म्हणून हिरडी कापली जाते, रक्त जागच्या जागी थांबतं, हाड मात्र ढिम्म. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या काळसर असतात, म्हणजे मेलॅनिन जास्त. तिथे तोच प्रकाश जास्त शोषला जातो, त्यामुळे ताकद बघूनच ठेवावी लागते. (एक गंमत : कापायच्या आधी फायबरचं टोक मुद्दाम काळं करतात. मग बरंचसं कापणं प्रत्यक्षात त्या तापलेल्या टोकाने होतं. लेसर म्हटलं की डोळ्यासमोर येणारी प्रकाशाची तलवार इथे नसते.)

हाड कापणारा लेसरही असतो, एर्बियमचा, २९४० नॅनोमीटरचा. त्याचा प्रकाश पाणी शोषतं, आणि पाणी हाडातही असतं. पण तो महाग, आणि रक्त थांबवण्यात डायोडपेक्षा कच्चा.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे सागवानाचं पातं बाभळीले नाही चालत." मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

भाचीचा उजवा सुळा ओठाच्या बाजूला आहे. बोट फिरवलं की फुगवटा लागतो. वर फक्त पातळ हिरडी, हाड नाही. इथे डायोडने छोटी खिडकी कापायची, दाताचं टोक उघडं करायचं आणि त्याच बैठकीत त्यावर बारीक बटण चिकटवायचं. खरा फायदा इथेच आहे. बटण कोरड्या दातावरच चिकटतं, आणि ब्लेडने कापलं की रक्त येत राहतं. टाके नाहीत, हे वर.

पण दोन अटी आहेत. खिडकी कापल्यावर घट्ट, गुलाबी हिरडीची दोन-तीन मिलिमीटर पट्टी उरली पाहिजे. नाहीतर दात येईल, पण त्याच्यावरची हिरडी पुढे वर सरकेल. तेवढी पट्टी उरत नसेल तर लेसर ठेवून द्यायचा आणि हिरडी सरकवून शिवायची. दुसरी अट उष्णतेची. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं की आतल्या जिवंत गराचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं तर काही दातांतला गर मरतो. म्हणून टोक दातावर टेकवून ठेवायचं नाही, मधे मधे थांबायचं.

डावा सुळा टाळूच्या बाजूला, हाडाखाली. डायोडचा तिथे उपयोग नाही. एर्बियम नेला तरी हाडापर्यंत पोचायला टाळूची हिरडी उघडावीच लागणार. ती उघडायची, थोडं हाड काढायचं, बटणाला साखळी बांधायची, हिरडी परत शिवायची आणि साखळी ब्रेसेसला जोडून हलक्या जोराने महिनोन् महिने ओढायचं. काही डॉक्टर टाळूतली खिडकी उघडीही ठेवतात. काहीही केलं तरी आधी ओढ मुळापासून दूर द्यायची, हे महत्त्वाचं.

"लेसरने दात बाहेर आणतो" अशा जाहिराती दिसतात, त्या मला पटत नाहीत. लेसर वरचं झाकण काढतो, बस. दात येतो तो स्वतःच्या जोराने किंवा तारेच्या. कमी ताकदीचा लेसर दाताची हालचाल वेगवान करतो का, यावर अभ्यास झालेत, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. सुळ्यावर लेसर वापरल्याच्या बऱ्याच नोंदी तर एकेका रुग्णाच्याच आहेत.

सगळ्यात स्वस्त उपायात लेसर नाहीच. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये १० ते १३ वर्षांच्या मुलांत टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांवर फक्त वरचा दुधाचा सुळा काढून पाहिला. ३६ सुळे आपोआप वाटेवर आले. भाचीचे दुधाचे सुळे कधीच पडून गेलेत, तिच्यासाठी ती वेळ गेली. तिला आता पुढच्या आठवड्याची तारीख मिळालीय, दोन्ही बाजू एकाच दिवशी.

निघताना तिच्या धाकट्या भावाला तोंड उघडायला लावलं. वय नऊ. हात धुऊन दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बोट फिरवलं. डावीकडे फुगवटा लागला, उजवीकडे नाही. या वयात असं असू शकतं. पण एकाच घरात दोघांना हे होणं नवल नाही, म्हणून दहावं पूर्ण झालं की त्याला डॉक्टरांकडे न्यायचं, हे मामांनी दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.