रोज सकाळी नव्याने निघणारा धातू

माणसाने घडवलेल्या धातूवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी मुंबईतल्या एका रुग्णालयाचा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग गाठला. असाच एक धातू, टेक्नेशियम, तिथे रोज वापरतात.

आवर्तसारणीतली त्याची, म्हणजे 43 क्रमांकाची, जागा बरीच वर्षं रिकामी होती. 1937 मध्ये पालेर्मोत कार्लो पेरिएर आणि एमिलिओ सेग्रे यांनी बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात हे मूलद्रव्य ओळखलं. कृत्रिमरीत्या तयार झालेलं हे पहिलं मूलद्रव्य. धातुरूपात ते रुपेरी-राखाडी असतं, पण रुग्णालयात येतं ते रंगहीन द्रावण म्हणून.

ते देणारा जनरेटर पाहण्यासारखा आहे. शिशाच्या जाड कवचात काचेची बारीक नळी, नळीत अ‍ॅल्युमिना आणि त्याला धरून बसलेलं मॉलिब्डेनम-99. त्यातून सतत टेक्नेशियम-99एम तयार होत राहतं. तंत्रज्ञ बाईंनी एका सुईवर सलाईनची कुपी बसवली, दुसरीवर शिशाच्या डबीतली निर्वात कुपी. निर्वाताच्या ओढीने सलाईन नळीतून गेलं आणि टेक्नेशियम घेऊन बाहेर आलं. मॉलिब्डेनम जागचं हललं नाही. तरी त्याचा अंश उतरला नाही ना, हे त्यांनी मोजून पाहिलं आणि मगच पुढचं काम हाती घेतलं. हा धंदाच या दक्षतेवर उभा आहे. 1958 मध्ये ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी जनरेटरची ही युक्ती बसवली, तेव्हापासून जनरेटरला ‘गाय’ आणि द्रावण काढण्याला ‘दूध काढणं’ म्हणतात.

या टेक्नेशियमला हाडांना चिकटणारं औषध जोडलं की हाडांत पसरलेला कर्करोग कॅमेऱ्यात दिसतो; दुसरं जोडलं की हृदयाचा रक्तपुरवठा कळतो. दर सहा तासांनी किरणोत्सार निम्मा होतो, म्हणून रुग्णाच्या वाट्याला तो थोडा येतो. रोज हाताळणाऱ्यांना मात्र शिशाची आडोसा-भिंत आणि किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बॅज चुकत नाही.

काळजी आहे ती दोन ठिकाणी. टेक्नेशियम-99एमने किरण दिल्यावर उरतं ते टेक्नेशियम-99, अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त. रुग्णाच्या शरीरातलं प्रमाण नगण्य. पण अणुइंधनाच्या कचऱ्यात ते भरपूर असतं आणि पाण्याबरोबर सहज वाहतं. ब्रिटनमधल्या सेलाफिल्डच्या सांडपाण्यातून ते आयरिश समुद्रातल्या लॉबस्टरपर्यंत पोहोचलं होतं.

दुसरी काळजी पुरवठ्याची. मॉलिब्डेनम-99 दर 66 तासांनी निम्मं होतं, त्यामुळे साठा करताच येत नाही. ते बनवण्यासाठी जगाची भिस्त मोजक्या, म्हाताऱ्या अणुभट्ट्यांवर. मे 2009 मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली, 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टीही दुरुस्तीला गेली आणि देशोदेशी तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. चॉक रिव्हरची भट्टी 2018 मध्ये कायमची थांबली.

औषधी समस्थानिकं बनवणारी अणुभट्टी ही रक्तपेढीइतकीच आरोग्यसेवेची गरज आहे. जुनी बंद पडण्याआधी नवी उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठीचा खर्च आरोग्याच्या खात्यावरच मांडला पाहिजे.