मातीचे वर्ष आणि पिकांची आखणी

वडोदऱ्यातील सयाजीगंज हा भाग रेल्वेस्थानक, महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि सयाजीबाग यांच्यामुळे शहराचे हृदय मानला जातो. तरीही पावसाळ्यात त्याची स्थिती काय राहील, हे काही अंशी शहराबाहेरची शेते ठरवत असतात. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री नदी शेतशिवारातून वाहत येते, आजवा सरोवरातून सोडलेले पाणी सामावून घेते आणि सयाजीबागेतून पुढे जाते. ऑगस्ट 2024 मध्ये या नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा नदीपात्रालगतची बांधकामे आणि बुजलेले ओढे-तलाव यांची चर्चा झाली व ती रास्तही होती. परंतु पाणलोटातील जमीन पावसाचे किती पाणी पोटात घेऊ शकते आणि किती पाणी मातीसह नदीकडे लोटून देते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. अतिवृष्टीचे सारे पाणी कोणतीही जमीन मुरवू शकत नाही, हे खरे. मात्र नेहमीच्या मुसळधार सरींचे पाणी मुरणार की वाहून जाणार, हे बऱ्याच अंशी त्या वेळी शेतात कोणते पीक कोणत्या अवस्थेत उभे आहे यावर ठरते.

शेतीशास्त्रात ज्याला पीक पद्धती म्हणतात, ती म्हणजे केवळ पिकांची निवड नव्हे. कोणते पीक कोणत्या पिकानंतर घ्यावे, कोणती दोन पिके एकाच वेळी शेजारी वाढवावीत, ओळींतील अंतर किती ठेवावे, मशागत किती करावी, काढणीनंतर उरलेली धसकटे व पाला यांचे काय करावे आणि पाणी व खत केव्हा द्यावे, या सर्व निर्णयांच्या परस्परसंबंधातून ती घडते. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा बरावाईट परिणाम मराठी शेतकरी ‘बेवड’ या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आला आहे, आणि हरभऱ्याचा किंवा तुरीचा बेवड चांगला, हे त्याला सांगावे लागत नाही. आजच्या हवामानात या जाणिवेला आणखी एका निकषाची जोड द्यावी लागते: वर्षाच्या 365 दिवसांपैकी माती किती दिवस उघडी राहते आणि त्या दिवसांत पाऊस किती पडतो.

या निकषाचे महत्त्व पावसाच्या बदललेल्या स्वभावामुळे वाढले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील एम. के. रॉक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. या पट्ट्यात गुजरात आणि महाराष्ट्राचाही समावेश होतो. दीर्घ खंड आणि त्यानंतर थोड्या तासांत कोसळणारा पाऊस, असे हे रूप आहे. वडोदऱ्याचा वार्षिक पाऊस सरासरीने 900 मि.मी.च्या आसपास असताना 31 जुलै 2019 रोजी एका दिवसातच तेथे सुमारे 500 मि.मी. पाऊस पडला. अशा वर्षाची बेरीज सरासरीइतकी भरली, तरी पिकाला ओल मिळालेली असेलच असे नाही.

पाऊस आणि माती यांचे गणित साधे आहे. एक हेक्टर जमिनीवर 1 मि.मी. पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी पडते. त्याच जमिनीवरून 1 मि.मी. जाडीचा मातीचा थर निघून गेला, तर साधारण 13 टन माती जाते. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आदळतो, उघड्या मातीचे कण फोडतो, सुटलेले बारीक कण छिद्रांत बसतात आणि जमिनीवर एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. मग खाली माती कोरडी असली तरी वरून पाणी वाहू लागते. व्ही. व्ही. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी 1983 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी 16 टनांहून अधिक माती धुपते, म्हणजे एक मिलिमीटरहून थोडा जास्त थर. हा आकडा लहान वाटतो, पण तेवढी माती निसर्गतः घडण्यास अनेक वर्षे लागतात आणि जाणारा थर हा सर्वांत सुपीक, म्हणजे सेंद्रिय कर्बाचा असतो. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या अवशेषांतून मातीत साठलेला कार्बन. तो मातीच्या कणांना बांधून ठेवतो, ओल धरतो आणि सूक्ष्मजीवांना अन्न पुरवतो. माती परीक्षणात त्याचे प्रमाण 0.5 टक्क्यांहून कमी आढळले, तर जमीन या बाबतीत निकृष्ट समजली जाते.

धोका केवळ अतिवृष्टीचा नाही, दुष्काळाचाही आहे, याचा दाखला बडोदे संस्थानाच्या इतिहासात मिळतो. विक्रम संवत 1956 मध्ये, म्हणजे 1899-1900 साली पडलेल्या दुष्काळाने, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या रोगराईने संस्थानाची लोकसंख्या 1891 मधील सुमारे 24 लाखांवरून 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांपर्यंत खाली आली. संस्थानाचे अधिपती सयाजीराव महाराज यांनी शेतीला शास्त्राची जोड देण्यासाठी खासेराव जाधव यांना इंग्लंडमध्ये शेतीचे शिक्षण घ्यायला पाठवले होते, आणि पुढे सहकारी पतपुरवठ्यासारखे उपायही संस्थानात झाले. त्या काळातील उपायांचा भर मुख्यतः पाणी साठवणे आणि शेतकऱ्याला भांडवल पुरवणे यांवर होता. पिकांची रचनाच दुष्काळ सोसेल अशी करावी, हा विचार पद्धतशीरपणे पुढे येण्यास आणखी काही दशके जावी लागली.

तो विचार महाराष्ट्रात सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात 1933 पासून आकारास आला. ना. वि. कानिटकर यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या आणि ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शिफारशींत बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, वारंवार कोळपणी, कमी बियाणे आणि ओळींमध्ये अधिक अंतर यांचा समावेश होता. प्रत्येक रोपाला अधिक ओल मिळावी, हा त्यामागचा हेतू योग्य होता. पण उत्पादनातील वाढ माफक राहिली. याचे एक कारण असे, की त्या पद्धतीत पाणी अडवण्याचा विचार झाला, परंतु पावसाळ्यात खोल काळ्या जमिनी मोकळ्या ठेवून फक्त रब्बीत पीक घेण्याची रीत कायम राहिली.

या रीतीला पर्याय देणारा दीर्घ प्रयोग हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1976 मध्ये सुरू केला. शेजारच्या दोन पाणलोटांपैकी एकात पारंपरिक पद्धतीने पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून रब्बी पीक घेतले गेले; दुसऱ्यात उताराच्या अंगाने रुंद वरंबे आणि सऱ्या पाडून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ज्वारी किंवा मका आणि तूर यांचे आंतरपीक पेरले गेले, पाणी शेताबाहेर सावकाश नेण्यासाठी गवताने आच्छादलेले चर ठेवले गेले, सुधारित वाण आणि संतुलित खते वापरली गेली. दोन तपांच्या नोंदींनुसार सुधारित पद्धतीत हेक्टरी सुमारे 5 टन धान्य मिळाले, पारंपरिक पद्धतीत सुमारे 1 टन. वाहून जाणारे पाणी वर्षाला 220 मि.मी.वरून 91 मि.मी.वर आणि धुपणारी माती हेक्टरी 6.4 टनांवरून 1.5 टनांवर आली, शिवाय जमिनीतील सेंद्रिय कर्बही वाढला. उत्पादनातील वाढीचे श्रेय एकट्या आंतरपिकाला देता येत नाही, कारण वाण आणि खते यांचाही त्यात वाटा होता. परंतु पावसाळ्यात जमीन झाकलेली ठेवल्यास पाणी आणि माती दोन्ही वाचतात, हे यातून नि:संशय दिसले. हा नमुना खोल काळी जमीन आणि भरवशाचा पाऊस असलेल्या भागासाठी आहे. सोलापूरच्या उथळ जमिनींना आणि बेभरवशाच्या पावसाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. वडोदऱ्याच्या दक्षिणेकडील करजण, शिनोर, डभोई या तालुक्यांचा काळ्या मातीचा कानम प्रदेश मात्र पाटणचेरूला बराच जवळचा आहे.

कानम हा जुना कापसाचा प्रदेश. या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम मंदावतो. कापूस रुंद अंतरावर लावला जातो आणि सुरुवातीला सावकाश वाढतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पाऊस सर्वाधिक असताना, दोन ओळींमधली जमीन उघडीच राहते. पीक पद्धतीतील दोष नेमका या आठ-दहा आठवड्यांत आहे. कापसाच्या दोन ओळींमध्ये मूग किंवा उडीद घेतला, तर तो लवकर जमीन झाकतो, मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र स्थिर करतो आणि साधारण 65 ते 75 दिवसांत निघून कापसाला जागा मोकळी करून देतो. तुरीचे काम याहून वेगळे आहे: ती आरंभी हळू वाढते, म्हणून सोबतच्या पिकाला फारशी सावली करत नाही, तिचे सोटमूळ खोल जाऊन घट्ट थर भेदते, पाऊस संपल्यावर खालची ओल वापरते आणि तिचा गळणारा पाला जमिनीवरच पडून कुजतो. वडोदऱ्याच्या परिसरात तूर महत्त्वाची असल्यामुळेच शहरातील मॉडेल फार्म येथे आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे.

दोन पिके एकत्र घेतल्याचा लाभ मोजण्यासाठी शास्त्रज्ञ जमीन समतुल्यता गुणोत्तर वापरतात. दोन्ही पिकांचे आंतरपिकातील उत्पादन त्यांना स्वतंत्रपणे घेऊन मिळवायचे असेल, तर किती जमीन लागेल, हे त्यातून कळते; गुणोत्तर 1.3 आले, तर आंतरपिकाच्या एका हेक्टरने 1.3 हेक्टरचे काम केले, असा त्याचा अर्थ. मराठवाडा-विदर्भात रूढ झालेली सोयाबीनच्या चार आणि तुरीच्या दोन ओळींची रचना याच तत्त्वावर उभी आहे. पाऊस लवकर थांबला, तर सोयाबीन हाती लागते. मध्ये खंड पडून सोयाबीन गेले, तर परतीच्या पावसावर तूर सावरू शकते. हवामानाची जोखीम अशी दोन कालावधींत विभागली जाते.

मही नदीच्या बाजूची गोराडू जमीन कानमच्या काळ्या जमिनीहून वेगळी. ती हलकी, पोयट्याची, पाणी भरभर मुरवणारी, पण सेंद्रिय कर्बाने कमी आणि ओल न धरणारी असते. तेथे निचऱ्यापेक्षा ओल टिकवणे हा प्रश्न मोठा ठरतो. एरंडीसोबत मूग किंवा भुईमूग, पिकांमध्ये ताग अथवा धैंचा फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडून केलेले हिरवळीचे खत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन, हे तेथील उपाय. या जमिनीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे महीच्या काठावरील खोल घळींत दिसते. वासद येथील मृदा व जलसंधारण संशोधन केंद्र 1955 पासून या घळींवर काम करत आहे. घळीच्या माथ्यावर बांध घालून वरच्या शेतातील पाणी आवरणे, तळाशी बांबू लावणे आणि उतारांवर गवत व झाडे वाढवणे, असा तेथील उपचारांचा क्रम आहे. बांबूची मुळे माती धरून ठेवतात आणि कापणीयोग्य झाल्यावर त्यापासून उत्पन्नही मिळते. तरीही खर्चाच्या दृष्टीने पाहता घळ पडल्यावर ती सुधारण्यापेक्षा माथ्यावरचे शेत झाकलेले ठेवणे नेहमीच स्वस्त पडते.

मशागत कमी करण्याचा मार्गही महाराष्ट्रात आजमावला गेला आहे. नेरळजवळील सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर चिखलणी आणि लावणीशिवाय भात घेतला जातो. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू दिली जातात आणि पुढचे पीक त्याच वाफ्यांवर येते. मातीची घडण आणि गांडुळांची वाढ या दृष्टीने ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. मात्र तिच्यात तणनाशकाचा वापर होत असल्याने सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते तिला पूर्णपणे मान्यता देत नाहीत. मातीचे संरक्षण आणि रसायनमुक्ती ही दोन उद्दिष्टे दरवेळी एकाच वाटेने जात नाहीत, हे पीक पद्धती आखणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

इतके फायदे असूनही शेतकरी एकपिकाकडे का वळतो, याची कारणे अज्ञानात शोधणे चूक आहे. पेरणी, फवारणी आणि काढणीची यंत्रे एका पिकासाठी बनलेली असतात. आंतरपिकाच्या काढणीला मजूर मिळत नाहीत. नीलगायी आणि रानडुकरे तुरीचे नुकसान करतात. कडधान्यांचे भाव काढणीच्या सुमारास कोसळतात. आणि विम्याची भरपाई एकेका पिकाच्या हिशेबाने ठरते. कापसाची पऱ्हाटी कुट्टी करून जमिनीत मिसळणे चांगले, हे ठाऊक असूनही यंत्राचे भाडे परवडत नाही, म्हणून ती जाळली जाते. सरदार सरोवराच्या कालव्यांमुळे पाणी आलेल्या काळ्या जमिनींत आणखी एक धोका आहे: मोकाट पाणी देऊन वर्षभर तीच ती पाणीखाऊ पिके घेतल्यास जमीन पाणथळ होऊन क्षार वर येतात, आणि पाण्यानेच जमीन नापीक होते.

म्हणून टिकाऊ पीक पद्धतीची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाची नोंद होते, पण ती खताच्या मात्रेपुरतीच वापरली जाते. कर्ब वाढवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळण्याची सोय तिच्यात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन झाकून ठेवणाऱ्याला अनुदान, आंतरपिकाला स्वतंत्र विमा, मूग-तुरीची हमीभावाने खात्रीची खरेदी आणि कुट्टी यंत्राची गावपातळीवर भाड्याने सोय, एवढ्या चार गोष्टी झाल्या, तर बाकीची आखणी शेतकरी स्वतः करू शकतो. नदीच्या वरच्या अंगाला मुरलेले पाणी खालच्या शहरालाही उपयोगी पडते. तेव्हा या अनुदानाचा भार केवळ कृषी खात्याने नव्हे, तर पूरनियंत्रणावर खर्च करणाऱ्या महानगरपालिकांनीही उचलणे न्याय्य ठरेल.