गाडी कण्हते तेव्हा...

चारचाकी आता आपल्या घरातलीच एक झाली आहे. लग्नकार्य असो, देवदर्शन असो की दवाखाना, अनेक घरांत तिच्यावाचून पान हलत नाही. अशी ही गाडी एखाद्या दिवशी वेग घेताना बारीक सुरात कण्हू लागली, की घरात तर्कांना ऊत येतो. कुणी टायरला दोष देतो, कुणी गिअरबॉक्सला, तर कुणी रेडिओचा आवाज वाढवून मोकळा होतो! खरे तर गाडीने वेळेवर दिलेली ती सूचना असते. ती समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. प्रश्न मात्र नेमके विचारावे लागतात.

साताऱ्याहून सांगलीला बहिणीकडे माझे वरचेवर जाणे असते. उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता. गाडी मीच चालवते. एका पावसाळ्यानंतर तिचा सूर बदलल्याचे जाणवू लागले. अॅक्सिलरेटर दाबला की ‘ऊंऽऽ’ असा आवाज चढत जायचा, पाय उचलला की उतरायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या गृहस्थांनी बॉनेटही न उघडता सांगितले, ‘‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’’ खर्चाचा आकडा ऐकून मुलीच्या वसतिगृहाची सहामाही फी डोळ्यांपुढे उभी राहिली.

सांगलीत बहिणीच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, ‘‘ताई, गाडी जागेवरच असू द्या. न्यूट्रलमध्ये नुसती रेस करा.’’ आवाज तसाच चढला. ‘‘चाकं फिरत नाहीत, तरी आवाज आहे. मग चाकांच्या मागं कशाला लागायचं?’’ नंतर त्यांनी क्लच दाबून रेस करायला लावली. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते. तरीही आवाजात फरक नाही! गिअरबॉक्सवरचा आळ तिथेच फिटला.

निदानाचे मर्म एवढेच, की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो की गाडीच्या वेगाबरोबर, हे आधी ठरवायचे. इंजिनाबरोबर चढत असेल, तर संशयित थोडेच उरतात: पट्टा आणि त्याच्यावर फिरणारी मंडळी. चाचांनी हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावायला सांगितला. विजेचा भार वाढताच आवाजही वाढला. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून त्यांनी त्याचे टोक एकेका भागाच्या कवचाला टेकवले, डॉक्टरांनी नळी लावावी तसे. अल्टरनेटरपाशी ते थांबले. इंजिन बंद करून पट्टा उतरवला आणि पुली हाताने फिरवली, तर आत वाळू असावी तशी खरखर. बेअरिंग गेले होते! नवे बेअरिंग आणि मजुरी मिळून गिअरबॉक्सच्या आकड्याच्या विसाव्या हिश्श्यातही काम भागले नसेल, असे म्हणायला जागाच उरली नाही.

अल्टरनेटरची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा लहान असते. त्यामुळे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेते, तेव्हा तो पाच हजारांच्या घरात फिरतो. ग्रीस सुकले किंवा पाणी शिरले, की पोलादी गोळ्या खरडू लागतात. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. चाचा सांगतात, पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून चालू होतात, पण बेअरिंगमध्ये गेलेला गाळ पुष्कळदा काही महिन्यांनी बोलू लागतो. तेव्हाही दुर्लक्ष केले, तर बेअरिंग अडकून पट्टा तुटू शकतो. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पंप थांबला की इंजिन तापते, आणि रात्रीच्या वेळी लेकराबाळांसह महामार्गाच्या कडेला उभे राहावे लागते.

बाकीच्या आवाजांनाही आपापल्या खुणा आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कण्हणे वाढले, तर पॉवर स्टिअरिंगचे तेल पाहावे. आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढत असेल आणि डावीकडे वळताना वाढत असेल, तर उजव्या चाकाचे बेअरिंग तपासावे. कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. एकाच गिअरमध्ये आवाज असेल, तर खरोखरच गिअरबॉक्स पाहावा. जीपसारख्या गाडीत मागून आवाज येत असेल, तर क्राऊन-पिनियन. आणि रिव्हर्स घेताना गाडी कण्हली, तर बहुधा घाबरायचे कारण नाही. त्या गिअरचे दात पुष्कळ गाड्यांत सरळ कापलेले असतात, म्हणून ते वाजतात.

सांगलीशेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानाने लावणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तसा तयार कान सगळ्यांना कुठून असणार? पण आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो, कुठल्या गिअरमध्ये वाढतो, हे कागदावर टिपून ठेवणे कुणालाही जमेल. चालत्या पट्ट्याजवळ मात्र घरच्या घरी हात घालू नये. पदर-ओढणी तर दूरच ठेवावी. ते काम मिस्त्रींचे. आपण तो कागद त्यांच्या हाती द्यावा, आणि कुणी गिअरबॉक्स उतरवू म्हणाले, तर नम्रपणे विचारावे, ‘‘आधी जागेवर रेस करून पाहू या का?’’