न्यायासन आणि राजकारण : मुन्सफ खापर्डे

मागच्या भागात ॲरिझोनाच्या सँड्रा डे ओ'कॉनर यांची वाटचाल पाहिली. त्या राज्याच्या सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाच्या नेत्या होत्या. १९७४ मध्ये निवडणूक जिंकून काउंटीच्या न्यायाधीश झाल्या आणि १९८१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीशालाही लोकांकडे मत मागावे लागते. बुलढाण्याच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण न्यायासन आणि राजकारण या दोन्ही वाटा चाललेला एक माणूस आपल्या वऱ्हाडातही होऊन गेला. त्याची वाट मात्र उलट दिशेची होती.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. १८८४ मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८५ पासून वऱ्हाडात मुन्सफ (म्हणजे दिवाणी न्यायाधीश) व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरीत होते. त्या काळचे वऱ्हाड समजून घेतल्याशिवाय या हुद्द्याचा अर्थ लागत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. बुलढाणा हा त्या मुलखातला एक जिल्हा. इथे महसुलाचा अंमलदारच फौजदारी खटलेही चालवी. सारा वसूल करणारा आणि शिक्षा सुनावणारा हात एकच, मग रयतेने दाद कुठे मागायची? काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या वर्षांतच कारभार आणि न्याय वेगळे करा अशी मागणी लावून धरली, ती या अनुभवातूनच.

१८९० मध्ये खापर्ड्यांनी नोकरी सोडली आणि अमरावतीत वकिली सुरू केली. मला त्यांच्या आयुष्यातला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. एतद्देशीयांना मिळणाऱ्या हुद्द्यांत हा मानाचा होता, पगार बांधलेला होता. तो सोडला नसता, तर पुढचे खापर्डे घडलेच नसते.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. स्वागताध्यक्ष खापर्डे, अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. एकाच मंचावरच्या या दोघांची आयुष्ये शेजारी ठेवून पाहावीत. खापर्डे न्यायासन सोडून राजकारणात आलेले. नायर राजकारणातून पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९१५ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये ते पद सोडून बाहेर पडले. ओ'कॉनरबाईंच्या जवळचे म्हणायचे तर नायरच.

खापर्डे टिळकांचे झाले ते कायमचे. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर! शिक्षेनंतर खापर्डे इंग्लंडला गेले आणि टिळकांच्या सुटकेच्या खटपटीत १९१० पर्यंत तिथेच राहिले. परतल्यावर शिर्डीत साईबाबांपाशी त्यांचा बराच काळ गेला. त्यांची तिथली दैनंदिनी आजही वाचली जाते. पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळात आणि नंतर कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कारभार आणि न्याय वेगळे करण्याची मागणी पुरी व्हायला मात्र फार वेळ लागला. राज्यघटनेच्या कलम ५० ने ती राज्यावर सोपवली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी अशा वेगवेगळ्या फळ्या केल्या. चोरी-मारहाणीचा खटला आता न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. पण सणासुदीच्या तोंडावर शांतता राखण्याच्या हमीसाठी 'चॅप्टर केस'ची नोटीस येते, तेव्हा मेहकरचा असो की मलकापूरचा, माणूस तहसील कार्यालयातच उभा राहतो. तहसीलदाराकडे उरलेल्या या अधिकाराविषयी पुढच्या आठवड्यात.