एका चेहऱ्याचे दोन स्वभाव

माणसाच्या स्वभावात परस्परविरोधी गोष्टी एकत्र नांदतात, हे आपण समजून घेतो. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपला आग्रह असतो, की त्याने एक काय ते ठरवावे. तेलकट तर तेलकट, कोरडा तर कोरडा! प्रत्यक्षात दुपार कलली की अनेकांचे कपाळ आणि नाक तुपाचा हात फिरवल्यासारखे चमकते, आणि तेव्हाच गाल मात्र ओढल्यासारखे होतात. या त्वचेला संमिश्र त्वचा म्हणतात. हा आजार नव्हे, ही शरीराची रचना आहे.

तेल निर्माण करणाऱ्या ग्रंथी सगळीकडे सारख्या नसतात. तळहातावर त्या मुळीच नाहीत; कपाळ, नाक, हनुवटी या पट्ट्यात त्यांची दाटी असते. गालांवर त्या मानाने कमी. त्यात मुंबई-कोकणची दमट हवा तेलकटपणा वाढवते, तर विदर्भातली थंडी गाल फोडते.

या दुहेरी कारभारावर आपला उपाय मात्र सब घोडे बारा टके! दिवसातून चार वेळा साबण. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, सामू साधारण ५. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. साबण वरचे तेल धुऊन नेतो, आतल्या ग्रंथीला त्याचा पत्ताही नसतो. नाक दोन तासांत पुन्हा चमकते, गाल मात्र सोलवटतात. लिंबू चोळण्यानेही गालांची आगच होते.

खरी निगा अगदी साधी आहे. सौम्य क्लीन्झरने दोनदा तोंड धुवावे. चेहरा ओलसर असतानाच गालांना मॉइश्चरायझर लावावे, कपाळाला त्याचा नुसता हात फिरवावा. मुलतानी माती आवडत असेल तर ती नाका-कपाळापुरती ठेवावी. मुरमांचे औषध मुरमे येणाऱ्या सगळ्या भागाला लावावे. दिवसा बाहेर पडताना किमान ३० एसपीएफचे, तेलकट नसलेले सनस्क्रीन लावावे. बस्स, एवढेच.

पण एवढ्यावर आपले समाधान होत नाही, कारण आपल्याला निरोगी चेहरा नको असतो, गोरा हवा असतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला. आपल्या मनातला गेला का? लग्नाच्या मुलीचे गाल काळवंडले, की कोणीतरी औषधाच्या दुकानातली एक ट्यूब सुचवते. योगायोग असा, की तिलाही 'कॉम्बिनेशन'च म्हणतात! तिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधे एकत्र असतात. वांगासाठी डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरती द्यायची ही गोष्ट, आपण वर्षानुवर्षे क्रीम म्हणून फासतो.

सुरुवातीला चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते. ट्यूब थांबवावी तर चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून पुन्हा ट्यूब. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. पण काउंटरवर चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि ती न दाखवणारे गिऱ्हाईक भेटले, की कायदा कपाटातच राहतो.

घरात कोणी अशी ट्यूब बरेच दिवस वापरत असेल, तर तिला रागावू नका, आणि ट्यूब परस्पर फेकूनही देऊ नका. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती कशी सोडायची हे तेच सांगतील. आणि पुढच्या वेळी त्या मुलीच्या रंगाविषयी कोणी बोलू लागले, तर तिच्या देखतच त्यांना थांबवा. हा उपाय कोणत्याही ट्यूबमध्ये मिळत नाही.