माहितीपुस्तकाची साधी मजकूर-प्रत

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्या यंत्रशाळेत इंटरनेट पोहोचत नाही, किंवा सुरक्षेस्तव पोहोचू दिले जात नाही, तेथील जुन्या संगणकावरही जे निर्वेध उघडते, ज्यात हवा तो शब्द क्षणार्धात सापडतो आणि ज्याच्या दोन आवृत्त्यांतील तफावत ओळीगणिक पडताळता येते, असे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकाचे सर्वोत्तम रूप म्हणजे साधा मजकूर, असे माझे ठाम मत आहे.

ही प्रत सिद्ध करणाऱ्या साधनांत बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी 2006 साली आरंभिलेले विनामूल्य 'पॅनडॉक' अग्रगण्य होय. मार्कडाउन, एचटीएमएल वा वर्डची फाइल त्याच्या हवाली केली असता ते आधी मथळे, याद्या, कोष्टके अशी अंतर्गत रचना ओळखून घेते आणि मगच ती 'प्लेन' स्वरूपात उतरवते, म्हणून कोष्टकांचा सहसा विचका होत नाही. पायथॉनच्या दस्तऐवजांसाठी 2008 मध्ये आलेल्या स्फिंक्समध्ये 'मेक टेक्स्ट' एवढी आज्ञा पुरते. युनिक्सच्या 'मॅन' पानांत ठळकपणासाठी तेच अक्षर पुन्हा त्याच जागी उमटविण्याची टंकयंत्राची रीत जेथे शिल्लक असेल, तेथे 'कोल' आज्ञेला 'बी' पर्याय जोडून ती द्विरुक्ती काढावी.

पीडीएफ हा मात्र अखेरचा मार्ग समजावा: 'पीडीएफटूटेक्स्ट' हे साधन 'लेआउट' पर्यायाने स्तंभ जागच्या जागी राखते खरे, परंतु युनिकोडपूर्व फाँटांत रचलेल्या मराठी पुस्तिकेतून बहुधा निरर्थक रोमन अक्षरांची रासच हाती येते, तेव्हा फाँट-परिवर्तक चालवावा, आणि शक्य तेथे प्रकाशकाकडे मूळ फाइलचीच रीतसर मागणी करावी.