दरखास्तीची दीडशे वर्षे

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात इथल्या तगाद्याचे वर्णन आहे. येणेकरी देणेकऱ्याच्या दारात ठाण मांडी, त्याला जेवू देत नसे, बाहेर पडू देत नसे. फारच ताणले तर डोक्यावर दगड ठेवी. पुष्कळशी देणी अशीच, सरकारदरबारी न जाता फिटत. नव्या राजवटीला हे रुचणारे नव्हते. १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ खाली दारात धरणे धरण्याचे उदाहरणच देऊन, देवाच्या कोपाची भीती घालणे गुन्हा ठरले. वसुली आता कोर्टाने करायची होती.

त्याआधीच, १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने येणेकऱ्याला दोन हत्यारे दिली होती : मालमत्तेची जप्ती आणि देणेकऱ्याची अटक. पाचशे रुपयांवरच्या हुकूमनाम्यासाठी दोन वर्षांपर्यंत दिवाणी तुरुंग. दख्खनमध्ये या अटकेचा उपयोग वेगळाच झाला. कूळ तारखेला हजर होत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि वॉरंटचा धाक दाखवून सावकार वाढीव रकमेचे नवे खत लिहून घेई. माणसाला खरोखर आत टाकायची वेळ क्वचितच येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक उठले तेव्हा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते आणि हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. कोर्टाचा कागद कोणाच्या बाजूचा, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याला अटक नाही, स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन जप्त नाही, आणि खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार न्यायाधीशाला. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. माझ्या मते आपल्याकडच्या वसुली कायद्यातला हा सर्वांत धीट प्रयोग.

गंमत अशी की सुप्याच्या तीनच वर्षे आधी, १८७२ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने दरभंग्याच्या एका प्रकरणात बरोबर उलटी तक्रार नोंदवली होती : हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यावर. हे वाक्य आजही निकालांतून इतक्यांदा येते की, त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पण तक्रारी दोन्ही खऱ्या होत्या. गरीब कुळावर कायदा कोसळत होता आणि हुशार देणेकरी त्यातून निसटत होता.

पुढच्या शतकात कायद्याने पहिल्या तक्रारीकडेच अधिक लक्ष दिले. १८८८ मध्ये स्त्रियांची पैशापायी होणारी अटक बंद झाली. १९०८ च्या संहितेने कलम ६० मध्ये कपडेलत्ते, भांडीकुंडी, कारागिराची हत्यारे, बैल, बियाणे आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्तीबाहेर ठेवले. १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गिस खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी निक्षून सांगितले की, नुसते पैसे न देणे तुरुंगाला पुरेसे नाही; ऐपत असून बुडवण्याची वृत्ती दिसली पाहिजे. आता मुदतही फार तर तीन महिने, दोन हजारांपर्यंतच्या रकमेला तुरुंग मुळीच नाही, आणि कैद्याच्या भत्त्याचे पैसे भरायचे येणेकऱ्यानेच! पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित. म्हणजे जप्तीला पात्र पगार ३१ हजार असेल तर महिना दहा हजार मिळतात, आणि एका हुकूमनाम्यापोटी ही जप्ती २४ महिन्यांपुरतीच. दहा लाख येणे असलेल्याने बाकीचे शोधावे.

शोधावे, हाच खरा घोळ. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, देणेकऱ्याच्या मालमत्तेचा तपशील येणेकऱ्याने द्यायचा. बेलिफ वॉरंट घेऊन जातो तो त्या तपशिलाच्या भरवशावर. घराला कुलूप, गाडी बायकोच्या नावावर, शेत भावाच्या. अहवाल येतो, जप्तीलायक जंगम मिळून आले नाही. जुन्या मुदत कायद्यात तर दर तीन वर्षांनी काहीतरी पाऊल उचलून दरखास्त जिवंत ठेवावी लागे, म्हणून एकाच हुकूमनाम्यामागे दरखास्तींची माळ लागे. १९६३ च्या मुदत कायद्याने सरळ बारा वर्षे मिळाली. १९७६ च्या दुरुस्तीने देणेकऱ्याकडून मालमत्तेचे शपथपत्र घ्यायची आणि ते न दिल्यास तुरुंगाची सोय केली. तरतूद चांगली आहे. पण ती हुकूमनाम्यानंतरची, आणि तोवर दाव्याची सगळी वर्षे देणेकऱ्याला आवराआवरीला मिळालेली असतात.

ज्यांना जमले ते या रांगेतून बाहेर पडले. बँकांनी १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे मिळवली, २००२ मध्ये सरफेसी कायदा. आपल्याकडच्या पतसंस्थांना सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला आणि स्वतःचा वसुली अधिकारी मिळतो. चेक हातात असलेला फौजदारी कोर्टात जातो. दिवाणी कोर्टाच्या दरखास्तीत उरतो तो हातउसने देणारा, माल उधारीवर सोडणारा छोटा व्यापारी.

२०२१ मध्ये राहुल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले. मार्च २०२५ मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले आणि आकडे मागवले गेले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. सहा महिन्यांच्या मुदतीची चर्चा झाली, पण मला २०२१ च्या निकालातला दुसरा निर्देश मोलाचा वाटतो : पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्यापूर्वीच प्रतिवादीकडून दाव्याच्या रकमेइतक्या मालमत्तेची शपथेवर माहिती मागता येईल. आवराआवरीची वर्षे त्याने वाचली असती. मात्र ती मागायची की नाही, हे त्या त्या न्यायाधीशावर सोडले आहे.